तीन बोटांची शिकवणी

"करंगळीला काय झालं हो?" सुमिएनं विचारलं, आणि हामाजिमाचा चेहरा कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला.

छप्पन वर्षांचा गडी. मात्सुमोतो शहरात बस चालवतो. गणवेशाचा कोट आणि दोन शर्ट लाँड्रीच्या फळीवर ठेवताना त्याचा डावा हात पुढं आला आणि करंगळीवरची पांढरी पट्टी सुमिएच्या नजरेला पडली. दोन वेढे घट्ट मारलेली, कोरी करकरीत.

"काही नाही, वहिनी. लागलेलं नाहीये."

"लागलं नाही तर पट्टी कशाला? शोभेला?"

"उद्या रविवार आहे ना," हामाजिमा म्हणाला, जणू त्यात सगळं आलं.

सुमिएनं एक शर्ट उचलून नाकाशी नेला. साबणाचा वास आला. "आणि हे काय? हा धुतलेला आहे. गेल्या महिन्यातही धुतलेलाच आणलात. हामाजिमा-सान, पासष्ट वर्षांची झाले, पण मळकं आणि धुतलेलं अजून ओळखता येतं मला. बरं, तुम्ही एकटे नाही. तो दातांचा डॉक्टर तोबिता, तो पोस्टातला उंच माणूस, चांगले दहा-बारा जण आहेत. धुतलेले कपडे धुवायला टाकायची साथ आलीय का गावात?"

हामाजिमानं टोपी काढली आणि कपाळ फळीला टेकेल इतका वाकला.

"माफ करा. पूर्वी मास्तर स्वतः इस्त्री करायचे, म्हणून आणायचो. त्यांच्या हातची इस्त्री ती. ते शर्ट आम्ही घालत नाही. माझ्याकडे चौदा आहेत, टांगून ठेवलेत. मास्तर गेले, पण सवय काही सुटत नाही."

"कोण मास्तर?"

"आपले कात्सुरो-सान."

सुमिएला हसू फुटलं. "माझा नवरा? मास्तर? अहो, त्यानं जन्मात कुणाला काही शिकवलं नाही. इस्त्री धरायला मी शिकवलं त्याला, आणि पहिले तीन महिने तो कॉलरी जाळत होता!"

"आम्हाला शिकवलं की, वहिनी. बावन्न मिनिटं. ती व्हिडिओ कॅसेट आहे ना, गिटारची, शहाऐंशी सालची." हामाजिमानं एका दमात सांगून टाकलं. दर वर्षी नोव्हेंबरातल्या दुसऱ्या रविवारी ते सगळे वस्तीच्या सभागृहात जमतात आणि कॅसेट लावून शिकवणी करतात. यंदा एकतीस जण येणार आहेत, दोघं तर होक्काइदोहून. "तुम्हाला बोलवायचं सहा वर्षं चाललंय. विचारायचं कुणी, म्हणून चिठ्ठ्या टाकतो, पण ज्याची निघते त्याचा धीर होत नाही. यंदा माझी निघाली. याल का?"

"आणि ती पट्टी?"

"मास्तरांच्या करंगळीला आहे ना व्हिडिओत. म्हणून आम्हीपण. शाळेत होतो तेव्हा तर औषधाच्या दुकानात पट्ट्या संपायच्या. करंगळी बांधल्याशिवाय ती तान येतच नाही म्हणायची पोरं."

सुमिएचं हसू जागच्या जागी विझलं. "बघते," एवढंच ती म्हणाली. आणि पावती फाडून पुढं सरकवली.

ती कॅसेट सुमिएनं कधी पाहिली नव्हती. घरात एक होती, अजूनही होती, वरच्या फडताळात हिवाळी रजयांच्या मागं. अडतीस वर्षांत एकदाही तिनं ती बाहेर काढली नाही, कारण त्या पट्टीच्या आत काय होतं ते तिला ठाऊक होतं. तिला आणि कात्सुरोला. तिसऱ्या कुणालाही नाही.

त्या दिवशी, तिचे वडील गेल्याला एकोणपन्नास दिवस झाले म्हणून, त्यांचे विधी होते. मंदिरात सगळे नातेवाईक जमायचे होते, आणि कात्सुरो सकाळी सहाला बँडच्या गाडीत गिटार चढवत होता. तोक्योला शूटिंग होतं, तारीख बदलता येत नव्हती. लाँड्री वडिलांची. त्यांनी या केसाळ जावयाला एका शब्दानं न दुखवता घरात घेतलेलं. आणि हा निघाला! सुमिए रस्त्यावर येऊन नाही नाही ते बोलली. तो गाडीत बसला, दाराच्या कडेला हात धरून "संध्याकाळी येतो गं" म्हणाला, आणि तिनं ते सरकतं दार अंगातला सगळा जोर लावून ओढलं.

हाड मोडल्याचा आवाज बारीक असतो.

कात्सुरो ओरडला नाही. बँडच्या पोरांना म्हणाला, "माझ्याच हातून लागलं दार." गाडी गेली. बाहेर लाँड्रीचा फलक वाऱ्यानं वाजत होता, आणि सुमिए काळ्या किमोनोत मंदिरात गेली. संध्याकाळी तो आला तेव्हा करंगळी वांग्यासारखी झाली होती. हाड वाकडं जुळलं, बोट पुन्हा कधी पुरतं मिटलं नाही. पुढच्या वसंतात बँडनं दुसरा गिटारवाला घेतला. कात्सुरोनं इस्त्री हातात धरली ती बत्तीस वर्षं. दाराचा विषय त्यानं एकदाच काढला, लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवशी, सोबा खाता खाता. "ते दार जडच होतं," म्हणाला, आणि सोया सॉस मागितला.

तिला रडू यायचं ते बोटामुळं नाही. दार ओढताना तिला तो हात दिसला होता. दिसला होता! तो पाहून ती थांबली नाही, की थांबायला वेळच नव्हता, हे तिनं स्वतःला हजारदा विचारलं आणि हजारदा वेगळं उत्तर मिळालं. आणि आता एकतीस माणसं त्या पापाची पट्टी भक्तीनं बोटाला बांधून बसणार होती. रात्रभर तिच्या डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी तिनं ठरवलं, जायचं आणि सांगून टाकायचं. मग त्यांनी हाकलून दिलं तरी बेहत्तर.

सभागृहाच्या वरच्या मजल्यावर दारात एकतीस जोड बूट एका रेषेत लावलेले. आत चटयांवर मांड्या मोडून बसलेली माणसं, कुणाचं टक्कल, कुणाची पोटं सुटलेली, आणि प्रत्येकाच्या मांडीवर इलेक्ट्रिक गिटार. लाल, काळ्या, एक तर बिबट्याच्या ठिपक्यांची. पण गिटारना वायरी नव्हत्या. खाली रविवारी सुलेखनाचा वर्ग असतो, म्हणून आवाज मोठा करायला बंदी. हे लोक दर वर्षी विजेची गिटार विजेशिवाय वाजवतात आणि कुणालाही त्यात काही वावगं वाटत नाही.

सुमिए आत आली आणि सगळे एकदम वाकले. तिला पहिल्या रांगेत उशी दिली. कॅसेटच्या यंत्राजवळ एक धिप्पाड माणूस बसला होता, रिमोट हातात घेऊन. त्याच्या डाव्या हाताला करंगळीच नव्हती. गुंडांच्या टोळीत चुकीबद्दल करंगळी कापून द्यावी लागते, म्हणून करंगळी नसलेला माणूस म्हटलं की तो कुठल्या टोळीतला असणार हे इथं शेंबडं पोरही सांगतं. ती नकळत उशी सावरून थोडी पलीकडं सरकली. त्या माणसानं ते पाहिलं, आणि सवय असल्यासारखा हात बाहीत ओढून घेतला.

"ते कुराशिना-सान," हामाजिमा कुजबुजला. "यंत्र तेच सांभाळतात. सगळी जुळवाजुळव त्यांचीच."

पडदा निळा झाला, थरथरला, आणि कात्सुरो आला.

एकोणतीस वर्षांचा. खांद्यापर्यंत कुरळे केस, बिनबाह्यांचा लाल सदरा, तिनंच मांड्यांत आवळून शिवलेली पँट. मागं राखाडी पडदा आणि कुंडीतलं एक नेचाचं झाड. सुमिएच्या तोंडून "अगंबाई" निघालं. फोटो होते घरात, पण फोटोतला माणूस श्वास घेत नाही. हा घेत होता. स्टुलावर बसताना गुडघा चोळत होता, आणि ती खोड तर मरेपर्यंत गेली नाही.

"नमस्कार," कात्सुरो कॅमेऱ्याकडं न बघता म्हणाला. "मला बोलता येत नाही. पण वाजवता येतं थोडंफार. आज एक बोट सुट्टीवर आहे, तेव्हा तिघांत भागवू."

त्याच्याबरोबर खोलीतली एकतीस तोंडं तेच पुटपुटत होती. जसंच्या तसं, त्याच्या इकडच्या, शिनशू मुलखातल्या हेलासकट, मध्ये तो घसा खाकरला तिथं सगळ्यांनी घसा खाकरला. सुमिएनं मागं वळून पाहिलं. कुणीही हसत नव्हतं.

मग तो वाजवू लागला, आणि तिला मागं वळून पाहायचं भान उरलं नाही. तीन बोटं तारांवर धावत होती, चौथं पट्टीतलं बोट ताठ, बाजूला. तीन बोटांना जिथं पोचता येणं शक्य नाही तिथं तो पोचत होता. हात वर फेकत होता, तार ओढून सूर ताणत होता, एका सुरावरून घसरत दुसऱ्यावर जात होता, आणि जो सूर लागायचाच नाही त्याच्या जागी असा काही थांबत होता की तो सूर न वाजता ऐकू यायचा. खोलीतल्या एकतीस गिटारी त्याच्यामागून चालल्या. विजेशिवाय त्यांचा आवाज बारीक होता, सुपात तांदूळ पडावेत तसा. आणि सुमिएला मनापासून वाटलं, हा माणूस कोण आहे? बत्तीस वर्षं हा माझ्या शेजारी उभा राहून बाह्यांना इस्त्री करत होता?

"घाई करू नका," पडद्यावरचा कात्सुरो म्हणाला. "घाई मी करतो. तुम्ही करू नका." त्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता. "दिव्यांचा उकाडा," मागं कुणीतरी दुसऱ्याला कौतुकानं सांगितलं. सुमिएनं ओठ दाताखाली दाबले.

चौथा धडा संपला. कात्सुरोनं गिटार मांडीवर आडवी ठेवली. "आता वाद्य खाली ठेवा आणि चहा पिऊन या. मी इथंच आहे."

एकतीस जणांनी वाद्यं खाली ठेवली, थर्मास उघडले, कपांत चहा ओतला. पडद्यावर कात्सुरो खरोखरच तिथं बसून होता. ते कुणी कापलंच नव्हतं. पूर्ण एक मिनिट तो नुसता बसला होता, समोर बघत, डावा हात उजव्या हातात हळूच धरून. आणि ही सगळी माणसं त्याच्यासमोर बसून, त्याच्यासोबत चहा पीत होती. हामाजिमानं एक कप पडद्यापुढंही ठेवला.

सुमिए उठून उभी राहिली.

"मला एक सांगायचंय," ती म्हणाली. "ती पट्टी तंत्रासाठी नाही. ते बोट मोडलेलं आहे. त्याच दिवशी सकाळी मोडलं. गाडीचं दार लागलं, आणि ते मी ओढलं होतं, भांडणात. तो म्हणाला त्याच्याच हातून लागलं, पण ते खोटं आहे." तिचा आवाज फाटला, तरी ती थांबली नाही. "आणि मला हात दिसला होता. म्हणजे तुमच्या मास्तरांना इस्त्रीवर बसवलं ते मी. तुम्ही मला पहिल्या रांगेत बसवलंत, म्हणून सांगितलं."

तिच्या मागं पडद्यावरून कात्सुरो म्हणाला, "झाला का चहा? चला मग."

कुराशिनानं बटण दाबलं. कात्सुरो तोंड अर्धं उघडं ठेवून थरथरत थांबला.

"म्हणजे तो घाम," हामाजिमा पुटपुटला. "उकाड्याचा नव्हता तो. मोडलेलं बोट घेऊन हा माणूस बावन्न मिनिटं... बाप रे." त्यानं दोन्ही हात तोंडावर ठेवले.

पण दातांचा डॉक्टर तोबिता उठून उभा राहिला होता. एरवी हळू आवाजात बोलणारा माणूस. त्यानं करंगळीची पट्टी टराटरा सोलून काढली.

"म्हणजे आम्हाला पाऊणच मास्तर मिळाले!" तो म्हणाला. "अडतीस वर्षं मी हे बोट बांधून बसलोय. मला वाटलं यात काही गुपित आहे. मला चारही बोटं धड आहेत, वहिनी! आणि ते चार बोटांनी काय वाजवत असतील, काय वाजवत असतील हो! ते आता कुणालाच ऐकायला मिळणार नाही." तो रडत होता आणि त्याची त्याला शुद्ध नव्हती. "तुम्ही ऐकलंत. घरात ऐकलं असेल. सांगा ना, कसं होतं?"

सुमिएला खोटं सांगता आलं असतं. स्वर्गीय होतं म्हणाली असती तर सगळ्यांनी मान डोलावली असती.

"स्वयंपाकघरात वाजवायचा," ती म्हणाली. "भात शिजेपर्यंत. मला तेव्हा ती कटकट वाटायची. मी नीट ऐकलंच नाही कधी."

तोबिता मटकन खाली बसला. सुमिएनं उशीजवळची पिशवी उचलली. सांगायचं ते सांगून झालं होतं, आता बूट घालायचे आणि घरी जायचं. हामाजिमा "वहिनी, वहिनी" करत अर्धवट उठला.

"थांबा," कुराशिना म्हणाला. भरड आवाज. यंत्राशेजारून तो गुडघ्यांवर सरकत पुढं आला, आणि बाहीतला हात काढून त्यानं चटईवर सर्वांदेखत ठेवला. "तोबिता, तुला चार आहेत. हे बघ."

कुणी बघितलं नाही. इतक्या वर्षांत कुणी बघितलं नव्हतं. सभ्यपणाच तो.

"मी टोळीत नव्हतो," कुराशिना सुमिएला म्हणाला. "सगळ्यांना तसंच वाटतं, तुम्हालाही वाटलं. मी पत्र्याच्या कारखान्यात होतो. एकोणिसाव्या वर्षी प्रेसखाली गेलं. सार्वजनिक स्नानगृहात मी पाण्यात उतरलो की बाकीचे उठून जायचे. मुलगी सांगून आली, ती हात बघून परत गेली. गिटार होती माझ्याकडं, ती कपाटात उभी करून ठेवली. मग एक दिवस ही कॅसेट भाड्यानं आणली. कशाला आणली सांगू? जळायला. चार बोटांचे लोक काय मजा करतात ते बघून घ्यावं, आणि मग ती गिटार विकून टाकावी." त्यानं घसा साफ केला. "आणि हा माणूस येतो, आणि म्हणतो, एक बोट सुट्टीवर आहे, तिघांत भागवू. मी अडकलेल्या कॅसेटसारखा बसलो हो. तीनदा मागं घेऊन ऐकलं. मला वाटलं, मलाच सांगतोय."

खाली सुलेखनाच्या वर्गात कुणाचं तरी काही पडलं. त्याचा आवाज वर आला.

"तुम्ही केलंत ते वाईटच केलंत," कुराशिना म्हणाला. "त्याला चांगलं मी म्हणणार नाही. मास्तरांचं नुकसान झालं ते झालंच, आणि तोबिताचंही खरं आहे. पण मला पाऊण मास्तर नाही मिळाले, वहिनी. मला पुरते मिळाले."

सुमिए पिशवी छातीशी धरून उभी होती. गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही तिच्या लक्षात येत नव्हतं. कुराशिनानं तिच्या हातातली पिशवी काढून घेतली आणि त्या जागी रिमोट ठेवला.

"तुम्ही नीट ऐकलं नाही म्हणालात ना. इथं एक नियम आहे. रिमोट ज्याच्या हातात, तो मागं घेईल तितक्या वेळा सगळ्यांनी वाजवायचं. कुरकुर चालत नाही. बसा."

ती बसली. पाचवा धडा म्हणजे एकोणीस सेकंदांची एकच तान. औषधाच्या दुकानातल्या पट्ट्या जिच्यापायी संपायच्या ती हीच. सुमिएनं बटण दाबलं, कात्सुरोचं उघडं तोंड मिटलं, तीन बोटं धावली, आणि तान संपली. तिनं ती मागं घेतली. पडद्यावर तो उलटा हलला, पुन्हा सुरुवातीला आला, पुन्हा वाजवू लागला. पहिल्यांदा तिनं फक्त करंगळी पाहिली. दुसऱ्यांदाही तीच. तिसऱ्यांदा त्याचा चेहरा पाहिला. चेहऱ्यावर दुखण्याची खूण नव्हती, निदान तिला तरी दिसली नाही. कळ सोसतानाही तो त्या सुरांकडं असा बघत होता की तिला लाज वाटली, आणि मग लाजही वाटेनाशी झाली. सातव्यांदा तिला पहिल्यांदा तान ऐकू आली. कुठं वर चढते, कुठं थबकते, कुठं दम घेते. आठव्यांदा तान नेमकी थबकण्याच्या आधी तिची मान हलली.

तोबितानंही केव्हा तरी गिटार उचलली होती. चारही बोटं मोकळी सोडून त्यानं वाजवायला घेतलं. पट्टी नव्हती, तरी करंगळी आपली आपण बाजूला जाऊन उभी राहिली. अडतीस वर्षांची सवय. तो त्या बोटाकडं बघून ओलं हसला आणि वाजवत राहिला.

सुमिएनं मागं घेतलं. पुन्हा घेतलं. माणसांची बोटं दुखू लागली होती. कुणी दोन फेऱ्यांच्या मध्ये बोटं तोंडात धरून ओली करी, कुणी मनगट झटकी. डोंगरामागं ऊन गेलं, खालचा वर्ग सुटला, जिन्यात म्हाताऱ्या बायकांचे निरोप झाले. पाच वाजता सभागृह बंद करायला आलेला रखवालदार किल्ल्या घेऊन दारात उभा राहिला. त्यानं पडद्याकडं पाहिलं, पहिल्या रांगेतल्या बाईकडं पाहिलं, आणि किल्ल्यांचा आवाज होऊ नये म्हणून त्या मुठीत आवळल्या.

सुमिएनं बटण दाबलं, आणि एकतीस जणांनी पुन्हा पहिल्या सुरावर बोट ठेवलं.